लावलेली कडी

भिंतीला लावायच्या पांढऱ्या रंगाचा डबा दादानं स्वतः उचलून आणला होता. एरवी साइटवर स्वतःची छत्रीसुद्धा न धरणारा माणूस हा, पण आज डबा काही हातातून सोडत नव्हता.

“पटापट दोन हात मार,” तो म्हणाला. “अकराला चौकशी समिती येतेय.”

पन्नाशी उलटली तरी त्याची बहीण घरात छोटीच होती, आणि दादा म्हणेल तसं करायची सवयही तितकीच जुनी. नाट्यगृहाच्या पॅसेजच्या टोकाला, तिनंच रंगवलेल्या दारासमोर ती उभी होती.

दार कसलं, भिंतच ती. नऊ इंची, विटांची, दादाच्या नकाशातली. पलीकडे मोकळी गल्ली. नाट्यगृह बांधत होते तेव्हा ती म्हणाली होती, “दादा, इथे एक दार काढ ना रे. जीव गुदमरतो इथे.” दादा हसला होता. “माझा पॅसेज बिघडवू नकोस. एवढीच हौस असेल तर रंगव दार!” तिनं रंगवलं. असं रंगवलं की लाकडाच्या रेघा मोजाव्यात, आणि पितळी कडीवर वरच्या दिव्याची तिरीप चमकावी. दादानं फोटो मासिकात छापून आणले. चित्रकला आणि वास्तुकला हातात हात घालून उभ्या आहेत, असं काहीबाही लिहूनही आलं होतं.

डोअरकीपर मामांनी तर त्या दाराची गंमतच करून टाकली. नाटकवाल्यांत कुणी नवं आलं की मामा साळसूद चेहरा करून सांगत, “मेकअपरूम? त्या दारानं जा की.” नवा माणूस जाऊन भिंतीवर कडी चाचपायचा आणि मागे सगळे पोट धरून हसायचे. बावीस वर्षांत मामांनी एकालाही सोडलं नाही.

आठ दिवसांपूर्वी तालमीच्या वेळी पडद्यानं पेट घेतला. मामांनी सगळ्यांना पुढून बाहेर काढलं. आत कुणी राहिलंय का ते बघायला एकटेच परत गेले, आणि धुरानं पुढची वाट बंद केली. ते सापडले इथे, या दाराच्या पायाशी.

“दुसऱ्या कुणाचं समजू शकते मी,” छोटी म्हणाली. “पण मामांना तर ठाऊक होतं ना रे?”

“धुरात काय सुचतंय माणसाला! उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस. ब्रश घे.”

ती गुडघ्यांवर बसली. सगळं दार काजळीनं काळवंडलं होतं आणि त्या काजळीत हाताचे ठसे उठले होते. खांद्याच्या उंचीवर दोन-तीन. मग कमरेशी. मग अगदी खाली. पण सगळ्यात दाट होते ते कडीभोवती. कडीचा पितळी रंग नखांनी खरवडून निघाला होता, आतलं प्लास्टर दिसत होतं. मामा दार ठोकत नव्हते. मामा कडी काढत होते.

कडी लावलेली छोटीनंच रंगवली होती. का, ते काही केल्या आठवेना. लावलेली कडी चित्रात बरी दिसते, एवढंच असणार.

“दादा, मी ही उघडी का नाही रे रंगवली?”

“वेडी आहेस का? उघडी असती तरी मागे भिंतच होती ना!”

बोलून गेला, आणि दादानं डब्याचं झाकण उगाच पुन्हा घट्ट दाबलं.

“इथे दार हवं होतं हे शेंबडं पोरही सांगेल,” तो अखेर म्हणाला. “हे ठसे त्यांनी पाहिले तर मी संपलो, छोटे.”

“आणि मी पुसले तर मामा इथवर आलेच नाहीत असं होईल.”

“आठ दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या,” दादा एकदम म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “जरा पडलो की कुणीतरी कडी खरवडतंय.”

छोटीनं पिशवी पुढे ओढली. दादाला वाटलं, ब्रश काढतेय. ब्रशच काढला तिनं, पण बारीक. पिवळ्याची ट्यूब पिळली, त्यात चिमूटभर तपकिरी कालवला. खरवडलेल्या जागेला तिनं बोटही लावलं नाही. एकाही ठशाला धक्का न लावता, शेजारच्या फळीवर तिनं कडी रंगवायला घेतली. मागे सरकवलेली, चौकटीतून पूर्ण सुटलेली. शेवटी त्या कडीच्या टोकावर दिव्याची तिरीप ठेवली.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. दारं उघडली, मिटली.

“आले ते! छोटे, अजून वेळ आहे, निदान खालचे तरी—”

“येऊ देत. बघू देत.” ती कमरेवर हात ठेवून उठली. “कडी काढलीय मी. तेवढंच येतं मला.”

दादा त्या ओल्या कडीकडे बघत राहिला. ती भिंत किती जाड आहे, हे त्याच्याइतकं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. पॅसेजमध्ये पावलं वाजू लागली. त्यानं डबा खाली ठेवला, पुढे झाला, आणि मामांच्या ठशांशेजारी दोन्ही तळवे टेकवून दार ढकललं.