सुईबंदी

शिवणाच्या सुया माझ्या पर्समध्ये. टाचण्या शेजारच्या काकूंकडे. सेफ्टी पिना पिठाच्या डब्यात. सासऱ्यांचा डावा पाय दोन उशांवर.

दुकानात गरम इस्त्री नडगीवर पडली आणि लिंबाएवढा फोड आला, पाण्याने टच्च भरलेला. डॉक्टरांनी मला बजावलं, "यांना डायबेटिस आहे. फोड फोडला आणि जंतू शिरले, तर पायावर बेतेल. आपोआप जिरू द्या."

पण बाबा पडले शिंपी. "सूनबाई, पन्नास वर्षं सुई धरतोय. एकच टोच, पाणी बाहेर, मामला खलास!"

"बाबा, ती कातडी म्हणजे जखमेचं अस्तर. नव्या कोटाचं अस्तर उसवाल का तुम्ही?"

"घ्या! आता सून मला शिवणकाम शिकवणार!"

मी रोज सैलसर पट्टी बदलायची, ते रोज सुई मागायचे, मी रोज नाही म्हणायची. चौदाव्या दिवशी फोड जिरला. खाली गुलाबी, कोरी कातडी! डॉक्टर म्हणाले, "जिंकलात!" मी ते घरभर सांगत सुटले. बाबा नुसतेच हसले.

मला मागाहून कळलं: फोड आल्याच्या चौथ्याच दिवशी, मी कामावर असताना, त्यांनी नातीच्या फ्रॉकचं तुटलेलं बटण लावून दिलं होतं, स्वतःच्या कॉलरमागे कायम खोचलेल्या सुईने.