हिरवा दिवा

देव पुसायला प्रमिलाबाई नुसत्या वाकल्या आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं.

"असं होईलच कसं?" दवाखान्यात त्यांच्या मुलाने, निरंजनने, डॉक्टर कर्प्यांपुढे मोबाइल धरला. "कृत्रिम मूत्रपिंड बसवून तीन वर्षं झाली. कॅल्शियम रोज बरोबर. हा हिरवा दिवा एकदाही लाल झाला नाही. म्हणून तर आम्ही निर्धास्त होतो."

"रक्तातलं बरोबरच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ते कमी होऊ द्यायचं नाही, एवढंच त्या यंत्राला शिकवलंय. पोटातून मिळालं नाही, की ते हाडांतून ओढून घेतं. यांची हाडं पार पोखरली आहेत. दूध घेत नव्हत्या का?"

"दूध नातवंडांना लागतं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी कोराच चहा घेते."

"कधीपासून?" निरंजनने विचारलं.

रोज सकाळी तो प्रमिलाबाईंसमोरच बसून चहा प्यायचा आणि मोबाइलवर त्यांची तब्येत बघायचा.

"यंत्राला बोल लावू नका, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "मीही घर असंच चालवलं. काही कमी आहे, हे कुणाला कळूच दिलं नाही."