चपडा न मारलेली खुर्ची

"बघणारानं विचारलं पाहिजे, 'गुरुजी, कुठल्या शोरूममधून आणली?'" दयानंद गुरुजींनी खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. "आमच्या आजोबांची हाय. अस्सल सागवान."

सालेहा खुर्चीकडं बघतच राहिली. नांदेडला देगलूर नाक्याजवळ तिचं पत्र्याचं शेड. जुन्या फर्निचरला रंग देऊन नवं करण्यात तिचा हात कुणी धरायचा नाही. पण ही खुर्ची तिनं टेम्पोतून उतरतानाच ओळखली होती. हातांच्या टोकाला कोरलेल्या दोन कैऱ्या तिच्या बापाच्या, गुलाम रसूल मिस्त्रीच्या हातच्या. तो कोरत होता तेव्हा सात वर्षांची सालेहा शेजारी बसून भुसा फुंकत होती. आजोबांची म्हणे!

गुरुजींनी मात्र तिला ओळखलं नाही. कसं ओळखतील? लोह्याजवळचं ते गाव सोडून चाळीस वर्षं झाली. सोडलं कसलं, सोडायला लावलं. मिस्त्रीनं शाळेचं लाकूड चोरलं, असं ह्याच गुरुजींनी भर चावडीवर सांगितलं होतं. लाकूड गेलं गुरुजींच्या नव्या घराच्या चौकटींना, हे गावाला दिसत होतं. पण मास्तरापुढं तोंड कोण उघडणार? चोर तो चोर, वर शिरजोर.

"हाव गुरुजी, करून देते," ती म्हणाली. "कवा पायजे?"

"रविवारी माझी पंचाहत्तरी. समदं गाव जेवायला हाय. स्टेजवर ह्याच खुर्चीत बसणार मी. पांढरीशुभ्र करा."

गुरुजी गेले आणि सालेहानं वरचा तपकिरी ऑइलपेंट खरवडायला घेतला. पाठीच्या रुंद फळीवर लाल अक्षरं निघाली. निघणारच होती. 'शाळेस सप्रेम भेट. गुलाम रसूल मिस्त्री.' बापानं अंगणातला स्वतःचा साग पाडून ही खुर्ची शाळेला दिली होती. त्याचं नाव पुसलं, त्याला चोर ठरवलं, आणि आता खुर्चीसुद्धा घरी नेली! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

लाल रंग लाकडात मुरलेला असला की आधी त्यावर चपड्याचा हात मारावा लागतो. चपडा म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. त्या थरानं खालचं सगळं दबून राहतं, नाहीतर पांढऱ्यातून लाल वर येतंच येतं. ह्या धंद्यातला हा पहिला धडा, तोही बापानंच दिलेला. सालेहानं चपड्याची बाटली उचलली, हलवली आणि परत मांडणीवर ठेवून दिली.

तिनं नुसता पांढरा रंग मारला. तिसऱ्या दिवशी तिची लेक जेबा ओरडली, "अम्मी, लाल वर येऊन राहिलंय! चपडा मारायचा ऱ्हायला का?"

"ऱ्हायला न्हाई. मारलाच न्हाई."

"अगं, लोक काय म्हणतील? आपलं नाव खराब होईल."

"आपलं नाव चाळीस वर्षं खराबच हाय," सालेहा म्हणाली. "तेच धुवून राहिले मी."

गुरुवारी संध्याकाळी तिनं आणखी एक हात दिला. अक्षरं झाकली गेली. वर मेण घासलं. शुक्रवारी सकाळी गुरुजी आले, खुर्ची बघून हरखले. सालेहानं त्यांच्यादेखत ती चादरीत गुंडाळली.

"मेण कच्चं हाय, गुरुजी. कार्यक्रमापर्यंत चादर काढू नका, डाग पडतील."

"बरं, बरं. पैसे किती?"

"तुमच्याकडून कसले पैसे? सप्रेम भेट समजा."

गुरुजींच्या ते ध्यानातही आलं नाही. "मग जेवायला तरी या," ते म्हणाले.

रविवारी ती बापाला घेऊन गेली. त्या गावात पाय टाकणार नाही, म्हणून म्हातारा रिक्षातून उतरेना. "नुसतं बसून ऱ्हावा, अब्बा," म्हणत तिनं त्याला मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसवलं.

गुरुजी माइकसमोर उभे होते. "माझ्या आजोबांची ही खुर्ची," ते म्हणाले, आणि तोंड लोकांकडं ठेवूनच त्यांनी मागं हात घालून चादर ओढली. टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या. गुरुजींना वाटलं, लोक दिपले. त्यांनी आवाज चढवला. "आजोबांनी एकच शिकवण दिली. परक्याच्या काडीलासुद्धा हात लावायचा न्हाई!"

"काय लिवलंय गं त्येच्यावर?" पुढं बसलेल्या लक्ष्मम्मानं शेजारणीला विचारलं. म्हातारीला अक्षरओळख नव्हती.

शेजारणीनं वाचून दाखवलं, तेही मोठ्यानं, कारण लक्ष्मम्माला ऐकू कमी येई. "शाळेस सप्रेम भेट. गुलाम रसूल मिस्त्री."

"आगं बया! मंजी ही शाळंतली खुर्ची? मग चोर कोण?"

मांडवात कुजबुज उठली, कुणीतरी फसकन हसलं. गुरुजींनी वळून बघितलं. पांढऱ्याशुभ्र फळीवर लालभडक अक्षरं. गुरुजी बाजूला होईनात की खुर्चीत टेकेनात.

गुलाम रसूल डोळे बारीक करून बघत होता. "चपडा मारला न्हाईस?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाई, अब्बा."

म्हाताऱ्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग काठी टेकत उठला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बसा की गुरुजी. माझ्या हातची हाय, मोडायची न्हाई."