घट्टे

"हात," मालक म्हणाला.

रांगेतल्या पहिल्याने दोन्ही तळवे वर करून पुढे धरले. मालकाने त्यावरून अंगठा दाबत नेला, बोटांच्या मुळाशी जरा थांबला आणि हात सोडून दिला. "मऊ. पुढचा."

सुतारकामाच्या त्या कारखान्यात माणसं घ्यायची हीच रीत होती. मालकाचा बापही असाच तळवे चाचपायचा. लाकूड महाग, चाचणीपायी फळी कोण नासवणार? रंधा धरणाऱ्या हाताला घट्टे असतात. तेवढे लागले की बास.

आत कामाची टेबलं रिकामी होती. त्यांच्यावर भुसासुद्धा नव्हता, नुसती धूळ. स्टुलावर एक गिऱ्हाईक बाई बसल्या होत्या.

"माझ्या पाळण्याचं काय झालं?" त्या म्हणाल्या. "नात आता भिंत धरून उभी राहते. तुमचा पाळणा येईपर्यंत ती सासरी जाईल."

"काय करू बाई? आता कुठे ऑर्डरी यायला लागल्यात, तर माणसं मिळत नाहीत."

"आणि ही एवढी रांग?"

"रांग आहे हो. हात नाहीत. सगळे घरी बसून लोण्यासारखे झालेत."

"घरी बसवलं कोणी?" बाईंनी सहज विचारलं.

"मंदीनं," मालक म्हणाला. "पुढचा."

पुढचा मिस्त्री होता. गेल्या साली मालकाने याच दारातून ज्यांना रजा दिली, त्यांतला. मालकाने ओळखलं. त्याला आनंदही झाला.

"अरे, मिस्त्री! या, या. वहिनी बऱ्या आहेत ना? पोरगी काय म्हणते?"

"बऱ्या आहेत सगळ्या."

"छान. हात."

मिस्त्रीने मुठी उघडल्या नाहीत. "माझा हात तुम्हाला नवा आहे का, मालक? एक फळी द्या, रंधून दाखवतो. नाही म्हणू नका. सगळी दारं ठोठावून झाली, आता हे शेवटचं."

"तुम्हाला एक न्याय नि बाकीच्यांना दुसरा, असं कसं चालेल? उघडा."

मिस्त्रीने तळवे उघडले. मालकाचा अंगठा बोटांच्या मुळापाशी आला आणि अडला. तिथे फुगीर, टणक लागत होतं. "अरे वा!" म्हणत त्याने आणखी दाबलं.

फोड फुटला. आधी पाणी आलं, मागून रक्त. मालकाने झटकन हात मागे घेऊन विजारीला पुसला.

"हे काय?"

"घट्टे," मिस्त्री म्हणाला.

"मला शिकवता? घासलेत कशावर?"

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं.

"विटेवर," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "वर्षभर रंधाच हाती लागला नाही, मालक. हात आपोआप मऊ पडत गेले. पोरगी तर खूश झाली. म्हणाली, बाबा, आता तुझा हात गालाला टोचत नाही."

"मग राहू द्या की तसाच! लाड करा पोरीचे." मालक मोठ्याने हसला. मालक हसतोय म्हटल्यावर रांगही हसली, जरा उशिराने.

"काम मिळालं की येतील घट्टे."

"घट्टे आणा, काम देतो."

मिस्त्री हलला नाही. मालकाला त्याची कीव आली असावी. त्याने भिंतीच्या खिळ्यावरचा एक जुना रंधा काढला, वरची धूळ फुंकली आणि बाईंपुढे धरला.

"हा बघा, यांचाच. मुठीवर ही खळगी दिसते? अंगठा वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून पडलीय. असा कारागीर आता दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही."

बाईंनी खळगीत आपला अंगठा ठेवून पाहिला. त्यांना ती मोठी झाली. मग मालकाने रंधा मिस्त्रीच्या हातात दिला.

अंधारातही वासरू जसं आपल्याच गाईला जाऊन लागतं, तसा अंगठा खळगीत जाऊन बसला. मिस्त्रीचे डोळे मिटले. बोटं मुठीभोवती आवळली गेली, आणि बोटांच्या फटीतून लाल ओघळ लाकडावर उतरला.

"अहो, अहो! मूठ खराब केलीत," मालक ओरडला. "पुसा तेवढी आणि निघा. माणसं खोळंबलीत."

मिस्त्रीने सदऱ्याचं टोक ओढून मूठ पुसली. पुसता पुसता हात मुठीवरून आपसूक रंध्याच्या अंगावर पुढे गेला. लाकडाच्या रेषेच्या ओढीने तो वाहत गेला, कडेला येताच हलका झाला, वळला आणि पुन्हा रेषेला लागला. एकदाही उलटा फिरला नाही. बाई पाळण्याचं बोलायचं विसरून त्या हाताकडे बघत राहिल्या.

मालकही बघत राहिला. काम झाल्यावर त्याने रंधा काढून घेतला, उजेडात धरून निरखला आणि परत खिळ्याला अडकवला.

"पाहिलंत ना, बाई?" तो म्हणाला. "हात असा फिरायला हवा. असा एक माणूस आणून द्या मला. आत्ताच्या आत्ता ठेवतो."