मृत्युलेखातला मासा

आर्विडच्या मृत्युलेखात कोणीतरी खाडाखोड करत होतं.

स्वतः आर्विड स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. मंगळवारी त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. बत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला आपल्या नावावर चुकीची माहिती छापून येणं मंजूर नव्हतं. म्हणून त्याने मृत्युलेख स्वतःच लिहिला आणि तपासायला लेकीला, सोल्वेगला, लिंक पाठवली. तिने आतापर्यंत दोन स्वल्पविराम सुधारले होते.

आता मात्र ‘तळ्यातला आजवरचा सर्वांत मोठा वॉलाय मासा त्यांच्या गळाला लागला’ या वाक्यातल्या ‘सर्वांत मोठा’वर हिरवी काट बसली. शेजारी उमटलं, ‘दुसऱ्या क्रमांकाचा’. वर नाव होतं ओर्लिन.

ओर्लिन म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी दोघांनी एकाच दिवशी एकेक मासा पकडला होता. तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद होतं. फरक पाव इंचाचा होता.

“ह्याला लिंक कोणी दिली?”

“मसुदा जाणकाराला दाखवावा, असं तुम्हीच वर्गात सांगायचात ना, बाबा?” सोल्वेग भांडी पुसत म्हणाली.

आर्विडने कॉमेंट लिहिली, ‘मोजला कोणी होता?’

‘मी. तुझ्या माशाची तू शेपटी ओढून धरली होतीस.’

‘तुझ्या टेपचं टोक तुटलेलं होतं.’

‘तेवढं वजा केलं होतं. वजाबाकी येते मला.’

मग ओर्लिनच्या कर्सरची हिरवी रेघ सरकत खाली गेली. ‘त्यांच्या मागे मुलगी सोल्वेग आणि दोन नातवंडं आहेत’ या ओळीशी थांबली. तिथेच लुकलुकत राहिली. सोल्वेगच्या हातातलं फडकंही थांबलं.

आर्विडने हातातली रूबार्बची आंबटगोड वडी बशीत ठेवली आणि त्या ओळीत दोन बोटांनी टाइप केलं, ‘आणि धाकटा भाऊ ओर्लिन, ज्याला मोजता येत नाही.’

रेघ थेट शेवटच्या ओळीवर गेली. तिथे ‘प्रार्थनासभेचा वार, वेळ व स्थळ नंतर कळवू’ असं होतं. ते सगळं खोडलं गेलं आणि एकेक अक्षर उमटू लागलं.

‘ऑपरेशननंतरचा सातवा शनिवार. पहाटे सहा. तळ्यावरचा धक्का. सहा आठवडे तुला वजन उचलायचं नाही म्हणे; ते संपले असले तरी बोट मीच ढकलेन. टेप नवीन आणतो.’

परीक्षेचा पेपर तपासावा तसा आर्विडने तो मजकूर दोनदा वाचला. आधी वर जाऊन ‘दुसऱ्या क्रमांकाचा’वर फुली मारली. मग खाली येऊन सहाचे साडेपाच केले आणि ‘मान्य’ दाबलं.