मधलं बंदर

“मला बाई जमिनीवरचाच संडास लागतो,” सासूबाई म्हणाल्या, आणि नकाशावर वाकलेली सगळी माणसं खो खो हसली.

सून हसली नाही. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो हसतोय म्हटल्यावर मग तीही ओठातल्या ओठात हसली.

जेवणाच्या टेबलावर किनाऱ्याचा नकाशा पसरला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिडाची बोट घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचा बेत होता. नवरा-बायको, त्यांची लहानगी लेक, सासूबाई, आणि नवऱ्याचा मित्र नि मित्राची बायको. बोट मित्राची. सुकाणू मात्र नवऱ्याच्या हाती असणार होतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. तो असला की ते त्याच्याच हाती जायचं.

“आई, बोटीत असतो संडास,” नवरा म्हणाला.

“असेल. पण हलतो ना तो! या वयात मी काय झोके घेत बसू?”

मित्राच्या बायकोनं हसता हसता डोळे पुसले. मित्र म्हणाला, “थांबू या की काकूंसाठी. हे मधलं बंदर वाटेतच आहे.”

चारचौघांत नवरा फार गोड माणूस होता. त्यानं पेन्सिल उचलली आणि त्या बंदराभोवती गोल काढला. “घ्या. आईसाहेबांचा मुक्काम.”

“मुक्काम नको. सकाळी लागायचं नि निघायचं. मला सकाळीच लागते.”

पुन्हा हशा.

सुनेला लाज वाटली आणि चीडही आली. सासूबाईंना पाण्याची भीती, त्या यायच्या नाहीत, अशी तिची अटकळ होती. तर त्याच सगळ्यांच्या आधी तयार. तिनं सुजलेलं मनगट बाहीत ओढून घेतलं. दारात सापडलं, असं तिनं मित्राच्या बायकोला आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. सासूबाईंनी लगेच री ओढली होती, “धांदरटच आहे ती.”

हे नेहमीचंच होतं. घरात आदळआपट सुरू झाली की सासूबाई नातीला घेऊन आपल्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी चहा पाणचट झाला म्हणून सुनेवरच कुरकुरायच्या. लेकाला एका शब्दानं बोलायच्या नाहीत. तो घरूनच काम करायचा. बायकोला कामावर सोडायचा, आणायचा. घराची किल्ली त्याच्या खिशात, तिचा फोन संध्याकाळी त्याच्या हातात. कुठे जायचं, कसं जायचं, याचा विचार करणंसुद्धा तिनं सोडून दिलं होतं.

“आणि हे बघा,” सासूबाईंचं अजून संपलं नव्हतं. “नात नि तिची आई शिडीपाशी झोपतील. पोरगी मध्येच उठते, मला तुडवेल. हिचं सामान माझ्या बॅगेत कोंबायचं नाही. तिची वेगळी पिशवी. हलकी! नाहीतर ही अख्खं घर उचलून आणेल.”

“ऐकलंस ना?” नवरा म्हणाला.

“हो,” ती म्हणाली आणि चहाचे कप गोळा करून स्वयंपाकघरात गेली.

सासूबाई मागोमाग आल्या. त्यांनी नळ पूर्ण सोडला.

“वळून बघू नकोस,” त्या हळूच म्हणाल्या. “विसळत राहा नि ऐक. बोट धक्क्याला लावताना त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. मी त्याच्या मित्राला विचारून घेतलंय. तू पोरीला घेऊन आधी उतरायचं. माझ्यासाठी संडास कुठे आहे ते बघायला म्हणून. पिशवी खांद्याला असू दे. बंदराच्या फाटकाबाहेर माझी एक मैत्रीण गाडी घेऊन उभी असेल. तो तिला ओळखत नाही.”

सुनेनं विसळलेलाच कप पुन्हा नळाखाली धरला.

“ते मागे येतील, आई. धक्का संपायच्या आत पकडतील.”

“नाही येणार. मी उतरताना पडेन. चांगली आडवी होईन धक्क्यावर. माणसं जमतील. जमलेल्या माणसांसमोर आईला टाकून तो बायकोच्या मागे धावायचा नाही. तेवढी लाज आहे त्याला. लोकांची.”

“काय चाललंय गं आत?” बाहेरून नवऱ्याची हाक आली.

“तुझ्या बायकोला कपसुद्धा धड विसळता येत नाहीत!” सासूबाई खणखणीत आवाजात ओरडल्या. बाहेर तिघंही हसली. मग सासूबाईंनी सुनेच्या हातातला कप घेतला आणि आपल्या बाह्या वर सारल्या.

कोपराच्या वर बोटांचे वळ होते. कडेनं पिवळे पडलेले, मध्ये अजून जांभळे.

सून बघतच राहिली. वर्षानुवर्षं ती ज्या बंद दारावर मनातल्या मनात चिडत आली होती, ते दार तिला आज पहिल्यांदा आतून दिसलं.

“हे कधी?”

“तू कामावर असतेस तेव्हा.”

नळ वाहत होता. बाहेर मित्र वाऱ्याचं काहीतरी सांगत होता. लेक कुठे झोपायचं म्हणून हट्ट करत होती. सुनेनं ओल्या हातानं सासूबाईंचा हात धरला. तो हात कधी धरल्याचं तिला आठवत नव्हतं.

“आई, मग तुम्हीही चला ना. तिघी जाऊ.”

सासूबाईंनी कप उपडा ठेवला, भांड्यावर झाकण ठेवावं तितक्या सहज.

“तिघी गेलो, तर पडायचं कुणी?”