छपरावरचा दात

उकंडा धापा टाकतच सायकलवरून उतरला आणि सायकल कुडाला टेकवायच्या आधीच त्यानं बायकोला विचारलं, "दात कुठी हाये? डॉक्टरनं मांगतला."

पंचफुलानं छपराकडे बोट दाखवलं.

थोड्या वेळापूर्वी त्यांची आठ वर्षांची नलू अंगणात बैल सोडून ठेवलेल्या बंडीच्या दांडीवर झोके घेत होती. दांडी उसळून तोंडावर बसली आणि पुढचा एक दात मुळासकट बाहेर आला. उकंडानं पोरीला सायकलवर पुढ्यात घेतलं आणि लोहाऱ्याहून थेट यवतमाळला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. मागे राहिलेल्या पंचफुलानं अंगणातला दात उचलला आणि आजवर घरातल्या प्रत्येक दाताचं जे केलं तेच याचंही केलं. 'उंदीरमामा, जुना घे, नवा दे,' म्हणत छपराच्या कवेलूंवर भिरकावला. धर्म बदलला त्या साली उकंडानं घरातले देव काढले होते, नवस बंद केले होते. दातांचं तेवढं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टरचं सांगणं उकंडानं एका दमात सांगून टाकलं. हा दुधाचा दात नव्हे, दुसरा. हा गेला की पुन्हा येत नाही. पण सुकायच्या आत आणला तर जागेवर बसवून शेजारच्या दातांना तारेनं बांधता येईल, नशीब असेल तर धरेल. नलू तिथेच कापूस चावत बसली होती. आईबापांनी फक्त दात आणायचा. पुसायचा नाही, मुळाला हात लावायचा नाही, ओल्या फडक्यात धरायचा. फडकं डॉक्टरनंच दिलं होतं आणि ते उकंडाच्या मुठीत होतं.

पोरीचं नुकसान बंडीनं अर्धंच केलं होतं, उरलेलं आपण केलं, असं पंचफुलाला वाटलं.

शेजारच्या तानाबाईनं शिडी आणून धरली. जुन्या कवेलूंनी उकंडाचं वजन पेललं नसतं, म्हणून पंचफुलाच लुगडं खोचून वर चढली. गुडघ्यांवर सरकत ती एकेक कवेलू उचलून पाहू लागली. काड्या होत्या, निंबाचा पाचोळा होता, आणि त्यात दात होते. तांदळाच्या दाण्यांसारखे, नलूचे दुधाचे दात. उंदरानं एकही नेला नव्हता. इतकी वर्षं ती त्याला मामा म्हणत आली होती.

पुढच्या कवेलूखाली तिचा हात थांबला.

"भेटला काय?" उकंडानं खालून विचारलं.

"हा तिचा नाही," ती म्हणाली. "बळीरामचा हाये."

फुटाणा फोडताना कोपरा उडालेला तो दात तिनं लगेच ओळखला होता. बळीराम नलूच्या वरचा पोरगा. हा दात पडला त्याच पावसाळ्यात तो हगवणीनं गेला. त्या जागी नवा दात यायचा राहूनच गेला होता.

उकंडा सायकलच्या चाकाकडे पाहत उभा राहिला. पोरगी तिकडे एकटी बसली होती आणि ऊन चढत होतं.

"थो राहू दे," तो म्हणाला. "नलूचा पाह्य."

पंचफुलानं डावी मूठ मिटली आणि उजव्या हातानं पुन्हा शोधू लागली. नलूचा दात सापडला तो पार वळचणीपाशी, घरंगळत येऊन अडकलेला. तो चांगला लांब होता आणि मुळाशी रक्त अजून ओलं होतं. तिनं तो टोकाला धरून उचलला आणि उकंडानं पसरलेल्या फडक्यात अलगद सोडला. उकंडानं फडकं मिटलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि सायकलवर टांग टाकली. जाताना त्यानं वर पाहिलं नाही.

सायकल वळणाआड झाली तरी पंचफुला छपरावरच होती. तानाबाईनं शिडी हलवून हाक मारली, "उतर आता, पंचफुला. दात त भेटला."

"उतरतो," पंचफुला म्हणाली आणि उलटी, आढ्याकडे सरकली. तिथे एक कवेलू फुटलेलं होतं आणि त्याच्या तोंडाशी उंदराच्या ताज्या लेंड्या पडल्या होत्या. तिनं डावी मूठ उघडली आणि बळीरामचा दात ऐन वाटेत, उंदराला चुकवता येणार नाही असा, ठेवला.